ओळखीचं वळण

हणमंत कदम एसटीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द राहिला. बघितलंय.

नवा सिनेमा लागला, की बघितलाय. अहो, आज तर आलाय! असू दे, असलेच असतात सगळे. गच्चीवर चंद्र बघा कसा आलाय, या की वर, बघितलाय. लेकीनं पुण्याहून आंब्याची नवी जात पाठवली, साल निळसर, आत गर केशरी. हणमंतांनी एक फोड तोंडात टाकली, बाठ्याकडं बघत चघळली आणि म्हणाले, "खाल्लाय."

आवाजात राग नसायचा, दुःखही नसायचं. गाडी डेपोत लावून किल्ली जमा करणारा माणूस बोलतो, तसा तो आवाज.

शालनला त्या शब्दाची धास्ती बसली होती. तिची उभी हयात अंगणवाडीत गेली होती, आणि तिथं पोरं रोज एकच गाणं मागायची.

*एक होता डोंगर, डोंगरावर ढग,*
*ढगामागं कोण गं? थांब जरा, बघ!*

'थांब जरा' म्हणताना ती पदर तोंडावर ओढायची, 'बघ' म्हणताना बाजूला सारायची. पदराआड तीच. काल तीच, आज तीच, उद्याही तीच असणार हे पोरांना पक्कं ठाऊक. तरी हसून हसून सतरंजीवर लोळायची आणि ओरडायची, "बाई, पुन्ना!" अशा पोरांच्या गलक्यात आयुष्य काढलेल्या बाईला घरात 'बघितलंय' म्हणजे दारावर कडी घातल्यासारखं वाटायचं. आतून घातलेली.

म्हणून लेकीनं, गार्गीनं, नवलगावची दोन तिकिटं पाठवली तेव्हा शालननं नवऱ्याला विचारलंच नाही. इस्त्रीचा सदरा काढून पलंगावर ठेवला.

"आई, हे चाचणीचं तिकीट आहे," गार्गी फोनवर म्हणाली होती. "बाबांना तिथली टोपी घालायला लाव. त्यांच्यात फरक दिसला, तर त्यांचा वर्षाचा पास मी काढते. पण उत्तर त्याच दिवशी कळवायचं असतं हं. तू नुसतं हो म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बाबा आहेत तसे राहतील," गार्गी म्हणाली.

पाटणच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रानात, नवलगाव नावाचं करमणुकीचं उद्यान वसलं होतं. कऱ्हाडाहून विजेवरची बस थेट वर जायची. घाट लागला तशी शालन खिडकीला चिकटली. सोनकी फुलून सगळा उतार हळदीत लोळल्यासारखा झाला होता. हणमंत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते, डोळे मिटून. मात्र वळण आलं, की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, नसलेल्या ब्रेकवर. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ते असंच करायचे. डोळे मिटूनसुद्धा वळण त्यांना आधी कळायचं.

"अहो, फुलं बघा."

"बघितल्यात."

*

टोपी देणारी मुलगी आर्वी नावाची होती. डोक्याला चापून वेणी, बोलणं भरभर, पण समोरच्याला कळलं की नाही हे बघण्यापुरती मध्येच थांबायची. शालनला ती तेवढ्यावरच आवडली.

"काका, बाजारात एखादा माणूस दिसतो, आपण म्हणतो, ह्याला कुठंतरी बघितलंय. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, पण ओळखीचा वाटतो. होतं ना?"

"होतं की. आमचे निम्मे पॅसेंजर तसलेच."

"म्हणजे आठवण नाही, पण ओळख आहे. मेंदूत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण म्हणजे माहिती. ओळख म्हणजे ती माहिती आपली वाटणं."

तिनं मेंदूचं एक पारदर्शक खेळणं पुढं ठेवलं. कानशिलाच्या आत, खोल तळाशी, सुपारीएवढा भाग निळा रंगवलेला. तिथल्या पेशी मोठ्या बोलक्या असतात, ती सांगू लागली. नवी वस्तू दिसली की सगळ्या एकदम गलका करतात. तीच वस्तू पुन्हा दिसली की कमी बोलतात, आणि रोज दिसली की जवळजवळ गप्पच होतात. ते गप्प होणं म्हणजेच ओळख. आपल्याला जे 'हे माझं आहे, हे मला ठाऊक आहे' वाटतं, ती खरं तर आतली एक शांतता असते.

"आणि ही टोपी?" शालननं विचारलं.

"ही त्यांना गप्प बसू देत नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे अगदी बारीक ठोके ती त्या जागेवर पाडते. आठवणीला धक्का लागत नाही. काकांना सगळं ठाऊक असेल, स्वतःचं नाव, घर, रस्ता, सगळं. फक्त जुनं काही वाटणार नाही. टोपी काढली की दीड-दोन तासांत ओळख आपली आपण परत येते."

शालनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणून होय वर्षाचा पास! एरवी तुमचे पाळणे माणूस किती वेळा बघणार? एकदा आपण, एकदा पाहुण्यांना घेऊन. मग पास कपाटात."

आर्वी हसली. "सगळी उद्यानं त्यानंच बुडाली, काकू. आमच्याकडं मात्र प्रत्येक खेप पहिली. पास वसूल झाल्याशिवाय राहतच नाही."

फक्त एक काळजी घ्यावी लागायची. सगळंच्या सगळं कोरं झालं तर माणूस घाबरतो. म्हणून प्रत्येकाला एक खुंटी निवडायची असते. चेहरा, आवाज, वास, काहीही. तेवढी एक गोष्ट टोपी सोडून देते, ती ओळखीचीच राहते, आणि बावरलेलं मन तिला धरून राहतं.

"तर काका, तुमची खुंटी?"

शालननं नकळत पदर सारखा केला. फोटो काढायचा असतो तेव्हा बायका करतात तसा.

हणमंतांनी मान वर करून विचार केला. "आमच्या जुन्या गाडीचा आवाज चालंल? दुसऱ्या गियरवर चढ चढतानाचा?"

"चालेल की. आवाज आहे आमच्याकडं."

शालन हसली. आर्वीही हसली. पण शालनचं हसू ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं. पहिल्या खेपेला जोडीतल्या एकानं बिनटोपीचं राहायचं, सोबती म्हणून, असा तिथला नियम होता. तिनं सोबत्याची हिरवी पट्टी मनगटाला बांधून घेतली.

*

टोपी म्हणजे साधी राखाडी कानटोपी. हणमंतांनी ती घातली, आर्वीनं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. दाराबाहेर आले. चार पावलं चालले. मग थांबले.

समोर पवनचक्की होती. ह्या पठारावर ते गाडी घेऊन शेकडो वेळा आले असतील. पवनचक्कीची पाती सावकाश फिरत होती, तिची सावली गवतावरून, फुलांवरून, त्यांच्या पायांवरून जात होती.

"केवढं आहे!" हणमंत म्हणाले.

बोलताना तोंड उघडं राहिलं ते मिटेना. मग ते खाली वाकले, सोनकीचं एक फूल बोटांनी उचलून धरलं, तोडलं नाही. उभे राहिले, बूट झाडले, बुटाकडं बघितलं. स्वतःच्या हाताच्या शिरा बघितल्या. गार्गी लहान असताना अशीच बघायची.

नवलगावची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे काचेची गाडी. पठाराच्या कडेनं ती रुळावरून जायची. आधी करवंदीच्या जाळ्या, मग अंधारा बोगदा, बोगद्यात हजारो खोटे काजवे, आणि मग एका वळणावर बोगदा संपून पायाखाली एकदम सगळी दरी. गाडी काचेची असल्यानं आपण हवेत उभे असल्याचा भास. त्या वळणावर हणमंतांनी दांडा घट्ट पकडला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दरीकडं एकटक बघत राहिले.

खाली उतरल्यावर ते शालनकडं वळले. "पुन्हा जाऊ या? तुम्ही याल?"

तुम्ही! शालनला लग्नानंतरचे पहिले आठ दिवससुद्धा त्यांनी असं म्हटलं नव्हतं.

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

"म्हणजे काय! शालन. माझी बायको." त्यांनी धडा म्हटल्यासारखं सांगितलं, आणि मग जरा संकोचून तिच्याकडं बघितलं. "सगळं ठाऊक आहे मला. पण असं वाटतंय, की हे कुणीतरी सांगितलंय. राग नका मानू. तुमच्या हनुवटीवर गोंदण आहे."

"ते पहिल्यापासून आहे."

"फार शोभतं."

साठी ओलांडलेल्या शालनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला गंमत वाटू लागली. चालता चालता तिनं विचारून घेतलं, मी चालते कशी? भराभर, जणू पुढं कुणी वाट बघतंय. माझा आवाज? गाणाऱ्या बाईचा, गाता का तुम्ही? गाते की, म्हणाली ती, आणि ज्या माणसानं तिचं गाणं स्वयंपाकघरातून उभा जन्म ऐकलं, त्याला तिनं डोंगर-ढगाचं गाणं म्हणून दाखवलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं, एखाद्या जलशाला आल्यासारखं.

दुसऱ्या फेरीलाही ते तसेच थरारले. तिसऱ्यांदा रांगेकडं वळले तेव्हा शालनच्या तोंडून निघून गेलं, "बघितलंय की मघाशी!"

तिनं जीभ चावली. आणि मग, ती मुळात चौकस बाई असल्यानं, तो शब्द तिनं आत पुन्हा एकदा म्हणून बघितला. बघितलंय. त्यात कंटाळा होता म्हणावा तर तसाही नव्हता. दमल्यावर पायरीवर बसावं, तसं काहीतरी त्यात होतं. हे तिला नवीनच कळलं.

*

जेवणाच्या मंडपात पिठलं-भाकरी होती. भाकरी आली की वरचा खरपूस पापुद्रा काढून हणमंत तो शालनच्या ताटात ठेवायचे. बघायचेसुद्धा नाहीत, बोलता बोलता हात आपला जायचा. आज त्यांनी पापुद्रा काढला, वास घेतला आणि मिटक्या मारत खाल्ला. शालन ताटाकडं बघत राहिली.

"तुम्हाला हवा होता का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"नाही, खा तुम्ही."

त्यांच्या मिशीला पिठलं लागलं होतं. शालननं रोजच्यासारखा पदराचा शेवट धरून हात पुढं केला, आणि हणमंत मागं सरले. जोरात नाही. बसमध्ये अनोळखी बाई फार जवळ आली तर सभ्य माणूस सरकतो, तेवढंच. लगेच त्यांना कळलं, ते ओशाळले, स्वतःच रुमालानं मिशी पुसली. पण शालनचा हात टेबलावर तसाच राहिला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

हात धुवायला गेली तिथं जांभळ्या साडीतली एक बाई उभी होती, तिच्याच वयाची. गळ्यात नवऱ्याचा पास, धुताना ओला होऊ नये म्हणून सांभाळायला घेतलेला.

"पासवाले का तुम्ही?" शालननं विचारलं.

"आमचे हे. दर रविवारी असतो आम्ही. इस्लामपूरचे."

"कसं वाटतं हो?"

"मजा आहे बघा!" बाई खुलली. "परवा मला म्हणतात, तुम्ही हसता तेव्हा गालाला खळी पडते. आता खळी काय काल पडायला लागली?" दोघी हसल्या. बाईनं नळ सोडला आणि हात तसेच पाण्याखाली धरून ठेवले. "दर आठवड्याला टोपी घातली, की तिचा अंमल जरा लांबतो. सोमवार, मंगळवारपर्यंत उतरत नाही. तसा त्रास काही नाही. फक्त एक. पूर्वी मी नुसता कपाळाला हात लावला, की हे बाम आणून द्यायचे. आता मी म्हणते, बाम द्या. देतात हो, लगेच देतात. पण आधी माझ्याकडं बघून जरासे थांबतात. ते थांबणं आहे ना..."

पाणी वाहत राहिलं. मग बाईनंच नळ बंद केला.

"पण खळीचं बोलतात!" ती म्हणाली, आणि पास सांभाळत निघून गेली.

*

टोपी काढल्यावर हणमंतांना आडवं व्हावंसं वाटलं. झाडाखालच्या बाकावर ते झोपले. शालन उशाशी बसून राहिली. झोपेत त्यांची ओळख कधी परत आली ते तिला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. डोळे उघडून ते म्हणाले, "अगं, पाणी दे," आणि शालनला हायसं वाटलं. हायसं वाटल्याबरोबर तिला राग आला.

"गाडीचा आवाज!" ती म्हणाली. "खुंटी म्हणून गाडीचा आवाज सांगितलात. मी शेजारी उभी होते."

"मग? गाडी काय वाईट आहे?"

"मला का नाही सांगितलंत? बिनओळखीची करून टाकलंत मला. हात लावला तर मागं सरलात!"

हणमंत उठून बसले. त्यांना खरोखरच काही कळेना. "तुला कशाला सांगायचं? लग्नाची पत्रिका वाटताना आपण घरच्या माणसाला आवतण देतो का? बाहेरच्याला देतो. मी म्हटलं, मी आत चाललोय म्हणजे तू त्यात आलीसच. मग राहिलं काय बाहेर? गाडी. ती सांगितली."

आर्वी चहा घेऊन आली होती, तिनं हे सगळं ऐकलं.

"काका, टोपीला घरचं-बाहेरचं कळत नाही हो. तिला सांगावं लागतं."

"मग भिकारडीच म्हणायची टोपी," हणमंत म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

"पण आवडलं का तुम्हाला?" शालननं विचारलं. "खरं सांगा."

ते फुंकर मारत थांबले. "आवडलं. खोटं कशाला बोलू? ती दरी..." त्यांनी हात पसरला, पसरलेला हात पुन्हा मांडीवर ठेवला. "पण बघत होतो, आणि सांगायला कुणी नव्हतं. तू होतीस, पण पाहुण्या बाईला कसं सांगायचं, अगं बघ म्हणून?"

आर्वी म्हणाली, "पुढच्या वेळी काकूंना खुंटी करा. मग फक्त काकू ओळखीच्या राहतील."

म्हणजे एवढ्या कोऱ्या जगात मी एकटी शिळी, शालनच्या मनात आलं. नवी असले तर परकी, आणि आपली असले तर शिळी. दोन्हीकडून मन मागं येत होतं. संध्याकाळी गार्गीला काय सांगायचं? ह्या माणसाला नवल परत मिळालं होतं, तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. ते पुन्हा काढून घ्यायचं? का जांभळ्या साडीतल्या बाईच्या नवऱ्यासारखं दर आठवड्याला थोडं थोडं थांबू द्यायचं त्यांना?

"तुझं टोपीचं तिकीट उरलंय ना," हणमंत म्हणाले. "आता तू घाल टोपी. मी सोबती होतो."

ते तिला सुचलंच नव्हतं. आतून कसं दिसतं हे बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं कसं?

खुंटी म्हणून तिनं आपलं गाणं दिलं. आर्वीनं विचारलं, "आणि काका?"

"त्यांना सोडा," शालन म्हणाली. "बघू या तरी."

हणमंतांनी मनगटाला हिरवी पट्टी बांधता बांधता मान तिरकी केली. "मला टांगलं असतंस खुंटीला, तरी चाललं असतं."

*

आधी उजेड बदलला. म्हणजे उजेड तोच होता, पण कुणीतरी आत्ताच लावल्यासारखा. झाड बघितलं तर एकेक पान वेगळं उभं राहिलं. आपल्या बांगड्यांचा आवाज ऐकून शालननं इकडंतिकडं बघितलं. तिला भीती वाटली नाही, कारण ओठांत गाणं होतं, आणि गाणं तिचंच होतं.

शेजारी एक म्हातारा उभा होता. हा आपला नवरा, हे तिला ठाऊक होतं; ह्याचं नाव, ह्याचं दुखणं, ह्याची आवडती भाजी, सगळं ठाऊक होतं. पण ती माहिती पाटीवर लिहिलेली. माणूस कोरा. मनगटं रुंद. उन्हानं उजवा हात डाव्यापेक्षा काळा. पायऱ्या आल्या की हा एक पायरी पुढं उतरतो आणि तिथं थांबतो, मागच्यानं पडू नये म्हणून. बघत नाही, नुसता थांबतो.

"चल," तो म्हणाला. "ती काचेची गाडी दाखवतो तुला."

लग्नाच्या बायकोला नवऱ्यानं 'तू' म्हणावं आणि बायकोनं 'तुम्ही', त्यामुळं बाहेरच्या कुणाला काही कळलंच नसतं. पण शालनला वाटलं, ह्या माणसानं आपल्याला किती सहज 'तू' म्हटलं! जसं काही त्याला आपला भरवसाच आहे.

गाडी सुटली. करवंदीच्या जाळ्या आल्या. तो माणूस तिच्या कानाशी वाकला. "आता अंधार होईल हं. घाबरू नको. वर बघ." अंधार झाला, आणि वर काजवेच काजवे. ती ओरडली. त्याला हसू आलं. "थांब. हे काहीच नाही. आता वळण येईल." त्याचा उजवा पाय खाली दाबला गेला, कशावर कोण जाणे. "थांब... थांब... आता बघ!"

आणि दरी उघडली.

शालननं बघितली. असं बघितलं, की डोंगर अजून ओले होते, आत्ताच कुणी घडवून ठेवल्यासारखे. दरीच्या तळाशी पाण्याची एक वाकडी रेघ, तिच्यावर ऊन. मग तिनं मान वळवली. तो माणूस दरीकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता, डोळे मोठे करून, तिला काय दिसलं ते तिच्या चेहऱ्यावर वाचत. आज दिवसभरात तो इथून कितव्यांदा चालला होता! आणि त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

ह्याच्याबरोबर लांबच्या प्रवासाला जायला हरकत नाही, शालनला वाटलं.

*

परतीच्या बसमध्ये ते दोघे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. टोपी आर्वीकडं परत दिली होती, पण तिचा अंमल शालनवर अजून होता. शेजारचा माणूस बोलत होता. सकाळी हाच डोळे मिटून बसला होता हे तिला ठाऊक होतं, पण खरं वाटत नव्हतं. आता डाव्या हाताला पिंपळ येईल, खोडात देवळी आहे. आला. आता खालचं गाव दिसेल, चुलीचा धूर असतो ह्या वेळेला. दिसलं. प्रत्येक गोष्ट आधी तो सांगायचा आणि मग ती यायची, जणू ह्याच्या सांगण्यावरूनच येत होती.

वळण आलं. त्याचा उजवा पाय दाबला गेला. विचित्र सवय आहे, शालनला वाटलं.

सोनकीच्या उतारावर ऊन कलंडलं होतं. पुढचं वळण. पुन्हा तो पाय. ह्या वेळी तिच्या मनात काहीतरी हललं, पाण्यात खाली मासा हलावा तसं. कुठंतरी बघितलंय हे. कुठं?

बस खाली उतरत राहिली. तिला सदऱ्याचा वास आला, साबणाचा आणि तंबाखूचा. आतमध्ये कुणीतरी बोलायचं हळूहळू बंद करत होतं, एक आवाज, मग दुसरा. आर्वी म्हणाली होती, ओळख म्हणजे आतली शांतता. ती शांतता एकेका पायरीनं उतरून येत होती.

मग एक मोठं वळण आलं, आणि ते यायच्या जरासं आधी, तो पाय दाबला जायच्या जरासं आधी, शालनला कळलं की आता हा पाय दाबला जाणार. ती श्वास रोखून बघत राहिली. थांब जरा, थांब...

पाय दाबला गेला.

अगं बाई, हे तर आमचे हे!

असं काही आयुष्यात तिला झालं नव्हतं. लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा समोर परका माणूस होता. पुढं तो आपला झाला, पण कधी झाला ते कळलंच नव्हतं. रोज थोडा थोडा, भाकरी करता करता, पोर वाढवता वाढवता. आज मात्र पडदा बाजूला झाला आणि पडद्याआड तोच होता. तोच! ती एकदम खळखळून हसली. मागच्या बाकांवरच्या दोघा-तिघांनी माना उंच करून बघितलं.

"काय झालं गं?" हणमंत म्हणाले.

शालननं पदराच्या शेवटानं त्यांच्या मिशीचा वाळलेला चहा पुसला. ते मागं सरले नाहीत. बोलणं चालूच ठेवलं, "आणि आता खाली नदी लागंल," म्हणून.

तेवढ्यात गार्गीचा फोन आला. "आई, वेळ संपत आलीये. काय ठरलं? बाबांना आवडलं का?"

"फार आवडलं."

"मग काढू पास? बाबांच्या नावानं?"

"माझ्या नावानं काढ," शालन म्हणाली. "बाबा सोबती म्हणून येतील. त्यांना टोपी लागत नाही."

"आई, अगं पास तर बाबांसाठी..."

"बाबांसाठीच सांगते. आणि दर आठवड्याला नाही हं जायचं. सोनकीला एकदा, थंडीत एकदा, करवंदं पिकली की एकदा."

हणमंतांनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला सगळा एसटीवाला जागा झाला. "तीनदा? अगं, तीनदा जाऊन वर्षाचा पास वसूल कसा होईल?"

"नाही झाला तर राहू दे."

"तिकीट काढून जाऊ की मग!"

"तिकिटाला दर वेळी ठरवावं लागतं. तुम्ही म्हणाल, बघितलंय. पास काढलेला असला की तो आपला खिशातनं टोचत राहील."

गार्गी पलीकडं हसत होती. "बरं बाई. अर्जात विचारलंय, कायमची खुंटी कोणती लिहू? बाबा ना?"

हणमंतांनी मान जरा लांब केली. बघत बाहेर होते, पण कान इकडं होते.

"गाणं लिही माझं," शालन म्हणाली. "डोंगर-ढगाचं."

फोन ठेवला. नदी आली, पूल आला. मग हणमंत खिडकीबाहेर बघत, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, "मला काही लिहिलं नाहीस."

"घरच्या माणसाला आवतण कशाला?" शालन म्हणाली.

हणमंतांच्या मिशीत हसू हललं. त्यांनी ते पुढच्या वळणाकडं वळवलं.

"थांब," ते म्हणाले. "आता बघ."